बोटीने मालवण, आणि देवीपुढे घेतलेलं दुखण्याचं नाव

मालवणला जायचं ठरलं ते डॉक्टरांच्या एका वाक्यावरून. छातीचं ऑपरेशन झालं होतं, विजेच्या शेकाची पहिली पाळी संपली होती आणि कातडी भाजल्यासारखी झाली होती. "ही भरून येईपर्यंत मोकळ्या हवेत राहून या, मग दुसरी पाळी सुरू करू," ते म्हणाले. मी मान डोलावली. दुसऱ्या पाळीला यायचंच नाही, हे मात्र त्याच खोलीत मनाशी ठरवून टाकलं. यजमानांना कचेरीतून रजा नव्हती. त्यांना एवढंच सांगितलं की सासरच्या गावी, तिथेच राहणाऱ्या माझ्या नणंदेकडे, शालूताईंकडे, जाऊन येते.

जाणाऱ्यांसाठी लिहिते: बोटीचा रस्ता सगळ्यांत सुखाचा, पण भाऊच्या धक्क्यावर वेळेच्या बऱ्याच आधी पोचा. डेकवर इंजिनापासून लांब सतरंजी अंथरा आणि जवळ लिंबू ठेवा. दुसऱ्या दिवशी उजाडताना सिंधुदुर्ग किल्ला दिसला. पाण्यातून नुकता वर आल्यासारखा ओला, काळा. मी कठड्याला धरून बघत राहिले. कितीतरी दिवसांनी एखादी गोष्ट पाहताना माझा मला विसर पडला होता.

बोट लांबच उभी राहते आणि पडावात, म्हणजे किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, उतरावं लागतं. खलाशाने हात पुढे केला. मी डावा दिला.

"ह्यो नको, उजवो द्या बाईनू, नायतर दर्यात जाशात!"

उजवा हात ऑपरेशनपासून खांद्याच्या वर जात नाही. ते सांगायचं सोडून मी तो दिला, आणि किनाऱ्यापर्यंत ओठ चावत बसले. गावात न्युमोनियातून उठलेली बाई म्हणून वावरायचं ठरवलं होतं; ते सोंग मी पडावातच चढवलं.

मालवणात बाजाराजवळच्या एका खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी मिळाली. मुंबईत जी सोलकढी म्हणून देतात ती विसरून जा. कुडाळची एसटी लाल धूळ उडवत निघाली. मागच्या बाकावर एका म्हाताऱ्याच्या मांडीवर कोंबडा होता.

"आजोबानू, कोंब्याचा तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

"तेका उडाक येता. सोड तेका खिडकीतसून, कुडाळाक भेटतलो!"

सगळी गाडी हसली. मीसुद्धा हसले, छातीवरचा व्रण ओढला गेला तरी.

पुढे बैलगाडीने गाव. शालूताईंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "गो, तू तर अर्धी उरलंस!" मग रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात-आमटी, संध्याकाळी घावणे. मध्ये एक दिवस वालावलला नेलं. लक्ष्मीनारायणाच्या देवळातले कोरीव खांब, शेजारची तळी, आणि पुढे माडांच्या सावलीत पसरलेली खाडी. होडीवाला वल्हं मारायचा थांबला की पाणीही थांबल्यासारखं वाटायचं. कोकणात एकच ठिकाण बघायचं असेल तर मी हे सांगेन. दुपारनंतर जा, उन्हं तिरपी झाल्यावर.

माझी प्रकृती पाहून शालूताईंनी मला न विचारता ग्रामदेवीच्या देवळात गाऱ्हाणं ठरवलं. ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: गावकर, म्हणजे पिढीजात मानाचा माणूस, देवीपुढे उभा राहून मोठ्याने अडचण सांगतो, आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला एका आवाजात 'व्हय महाराजा' म्हणतात. मी कॉलेजात शिकलेली, नवस-कौल न मानणारी. पण नणंदेचा मान म्हणून गेले.

गावकर आबांनी नारळ हातात घेतला. "वैनीनू, देवीक काय सांगूचा?"

"प्रकृती बरी नसते, एवढंच."

"ह्या असा गोल गोल चलाचा नाय. दुखण्याचा नाव घेवक व्हया."

मागे सगळा सभामंडप भरलेला. मी शालूताईंकडे पाहिलं. खोटं बोलायचं तर ते देवीपुढे नव्हे, त्या सगळ्या माणसांपुढे बोलावं लागणार होतं. मी म्हटलं, "कॅन्सर."

शालूताईंचा हात तोंडावर गेला. आबांनी शब्द दोनदा पुटपुटून बघितला. "उपाय?"

"मुंबईला. अर्धे झालेत."

बास, आबांनी उरलेलं स्वतःच पुरं केलं.

"बा देवी महाराजा, ही तुझ्या गावची सून तुझ्या पायाकडे इली आसा."

"व्हय महाराजा!"

"तिका कॅन्सर म्हणान दुखणा झाला आसा. आमका ता म्हायत नाय, तुका म्हायत आसा."

"व्हय महाराजा!"

"अर्धो उपाय झालो. आता ती परत मुंबैक जातली, उरलेलो पुरो करतली. तेका यश दी!"

"व्हय महाराजा!"

मी असं कुठे म्हटलं होतं? थांबवावंसं वाटलं. पण ज्यांच्याशी मी कधी दोन शब्दही बोलले नव्हते ती माणसं घसा फोडून माझ्यासाठी मागत होती. मी हात जोडले. याला श्रद्धा म्हणावं का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. देवीने ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. माणसांनी मात्र नक्की ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वहाळावर धुणं धुताना शेजारची पार्वती जवळ सरकली. माझ्याच वयाची.

"वैनीनू, तुमका खंय झाला ता?"

"छातीत."

तिने पिळायचं लुगडं तसंच दगडावर ठेवलं. "माका पण थंय गाठ आसा. शिमग्यापासून. दुखणा नाय म्हणान गप रवलंय."

"घरी सांगितलंस?"

"कोणाक? घोवाक? तो माका आधी आवशीकडे, म्हायेराक पोचवतलो!" मग हळूच, "तुमी जातलास ना मुंबैक? तर मी येतंय. एकट्याक माका जमाचा नाय."

मी पिळलेलं धुणं उचललं. घरी येऊन ओसरीवर बसले. तिला 'जा' म्हणायचं आणि आपण मागे राहायचं, याचा मला कुठल्याही बाजूने मेळ घालता येईना. भीती कमी झाली नव्हती. ती बाजूला ठेवायला फक्त एक कारण मिळालं होतं. संध्याकाळी मी पार्वतीच्या अंगणात जाऊन 'हो' म्हटलं.

तिच्या नवऱ्याला पटवायचं काम शालूताईंनी घेतलं. "बायल मेली तर पेज कोण रांदतलो रे, तू? तुका चूल तरी पेटवक येता?" शेवटी तो माणूस स्वतःच आम्हाला बंदरावर पोचवायला आला.

परत येऊन आता काही आठवडे झाले. गेल्या रविवारी यजमानांना सगळं सांगितलं, दुसऱ्या पाळीला न जायचं ठरवलं होतं तेही. ते उठले आणि चहा करून घेऊन आले. विजेच्या शेकाची, म्हणजे रेडिएशनची, माझी दुसरी पाळी चालू आहे. या प्रवासातून मी बरी होऊन आले असं म्हणणार नाही. कुणी तेवढ्यासाठी जाणार असेल तर निराश होईल. पण आजार एकटीने लपवून जगायची माझी सवय तिकडेच राहिली, आणि ती परत आणावीशी वाटत नाही.

पार्वतीची गाठ काढता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं ते आत्ताच सांगू शकत नाहीत. काल तिला वॉर्डात दाखल केलं. मी खाटेशी बसले होते.

"वैनीनू, खरा सांगा. दुखता?"

"दुखतं. बरेच दिवस दुखतं. मी रोज येईन."

तिने पदर नीट केला, उशीवर डोकं टेकलं.

"बरा. मगे दुखांदे."