नमुन्यांचे कागद

राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये माझी चार चित्रं लागली होती. हॉल रविवारीच मिळत होता, म्हणून रविवार. बाबा अकोल्याहून एसटीनं आले. माझ्या चित्रांपुढे ते कधी मिनिटभर टिकले नव्हते. त्या दिवशी त्यांनी एक तरी चित्र धड बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बोंडातली चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, धाग्याची लांबी बघायची आणि प्रत सांगायची, ह्यात त्यांचा जन्म गेला. मग केंद्र बंद पडलं. गावागावांतून शेतकऱ्यांच्या वाईट बातम्या येत आणि बाबा घरात नुसते बसून असत. केंद्रातून आणलेली कापसाच्या नमुन्यांची पेटी तेवढी पलंगाखाली होती, प्रत्येक नमुना कागदात गुंडाळलेला.

मोठं चित्र म्हणजे पांढऱ्यावर बारा चौकोन, काही मळके, काही पिवळट. लोक ‘हे काय आहे’ विचारत आणि मी वैतागून ‘दिसतं तेच आहे’ म्हणे. बाबांनी काही विचारलं नाही. नाक लावून बघत राहिले. मी आतून सुखावले, आणि तेवढ्यात त्यांनी एका चौकोनातून चक्क चिमूट उपटली! मी भडकलेच होते, पण ते अंगठ्यांत धागा ओढून बघत होते.

“हा माल माह्या पेटीतला आहे,” ते म्हणाले.

खोटं कशाला बोलू, पेटी मीच उघडली होती. सरकी काढून कापूस रंगात बसवला होता. मला तो जुनाट, टाकाऊ वाटला होता. बाबा रागावले असते तर परवडलं असतं.

“वरचे कागद कुठी आहेत? त्याच्यावर गावं लिवले होते मी.”

कागद मी कचऱ्यात टाकले होते. ते सांगताना मला माझीच लाज वाटली.

बाबा खुर्ची ओढून बसले. एकेक चौकोन चाचपत सांगू लागले: हा दर्यापूरचा, हा खारपाणपट्ट्यातला, तेल्हाऱ्याकडचा. मी चित्रामागे पेन्सिलीनं लिहीत गेले. अकरा गावं लागली. बाराव्यावर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं. मग उपटलेली चिमूट खिशात घालून ते एसटी गाठायला उठले.

त्यानंतर कधीही फोन केला की माझ्या ‘कसे आहात’च्या आधी ते म्हणत, “नाही आठवलं वं अजून.”