बुर्कुत कड्यावरचा कल्पाक

ओमुरझाक म्हातारा आमच्या गावचा ट्रॅक्टरवाला. आयुष्यभर त्याने सपाट शेतं नांगरली. घरावरचा पत्रा ठोकायचा असेल तर आजही बायकोला शिडी धरायला उभी करतो. आणि पंचक्रोशीत त्याची ख्याती कशाची, तर बुर्कुत कडा चढलेला एकमेव माणूस!

ती गोष्ट मला तोंडपाठ आहे, कारण मी त्याचा शेजारी आणि प्रत्येक लग्नात तो नेमका माझ्याच बाजूला येऊन बसतो. चाळीस वर्षांपूर्वी उमसुनायला मागणी घालायला गेला, तेव्हा तिच्या बापाने त्याला हाकललं. "घोड्यावर बसताना थरथरतोस, तुला पोरगी काय देऊ?" दुसऱ्या दिवशी ओमुरझाक पहाटेच निघून गेला आणि दुपारी बोडक्या डोक्याने परतला. म्हणाला, "कल्पाक कड्याच्या माथ्यावर दगडाखाली ठेवून आलोय. शंका असेल त्याने आणून दाखवावा." आमच्यात माणूस एक वेळ घोडा गमावेल, पण डोक्यावरची पांढरी लोकरी टोपी, कल्पाक, कुठे टाकून येणार नाही. बापाने मुकाट्याने पोरगी दिली.

माझा मात्र विश्वास नव्हता. मी मास्तर, मला पुरावा लागतो. शिवाय खरं सांगतो, त्या गोष्टीचा मला वीट आला होता. माझ्या बायकोची भाची मेरिम बिश्केकमध्ये राहते आणि सुट्टी मिळाली की दोर घेऊन कडे चढते. आमचं गाव तिने कधी पाहिलं नव्हतं. मी फोन करून म्हटलं, "दोन दिवस ये. कडा असा आहे की शहरात बढाया मारशील." ती आली, सोबत तिचा मित्र एल्दार.

त्यांना घेऊन मी थेट म्हाताऱ्याकडे गेलो.

"आजोबा, तुमचा कल्पाक खाली घेऊन येऊ?" मेरिमने भाबडेपणाने विचारलं.

म्हाताऱ्याचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला. "आणा की! पण माझे पाहुणे उपाशी कडा चढणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

लगेच मेंढा कापला. मांस शिजेपर्यंत पाहुण्याने उठायचं नसतं आणि त्या दिवशी ते शिजता शिजेना. संध्याकाळपर्यंत एल्दारच्या पोटावर चढाईचा पट्टा बसेना.

सकाळी म्हातारा कुमिसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बादली घेऊन हजर. मेरिम म्हणाली, "उतरल्यावर पिते, आजोबा."

"वर वारा फार असतो गं. गरुडंही असतात. कल्पाक उडालाही असेल."

"दगडाखाली ठेवला होतात ना?" मी विचारलं.

"दगड लहान होता, मास्तर."

तेवढ्यात त्याची बायको उमसुनाय आली. या गोष्टीबद्दल चाळीस वर्षांत ही बाई चकार शब्द बोललेली नाही. तिने मेरिमच्या पिशवीत एक गाठोडं कोंबलं. "भाकरी आहे. वर गेल्यावरच सोड हं, पोरी." आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच चहा ओतायला लागलो.

चढाई तीन तास चालली. सगळं गाव पायथ्याशी सतरंज्या टाकून बसलं होतं. ओमुरझाक तेवढा कड्याकडे पाठ करून ट्रॅक्टरचा एक बोल्ट रुमालाने पुसत होता. बोल्ट केव्हाच चकचकीत झाला होता. मला जरा वाईटच वाटलं, पण जराच.

मेरिम खाली आली, पिशवीत हात घातला आणि कल्पाक बाहेर काढला. गावाने जो गलका केला! मी तो हिसकावून नाकाला लावला.

"चाळीस वर्षं पावसापाण्यात राहिला, तरी डांबरगोळ्यांचा वास?"

"वर हवा फार कोरडी आहे, काका," मेरिम म्हणाली. पण माझ्या नजरेला नजर देईना.

म्हाताऱ्याने कल्पाक हातात घेतला, उलटा केला. आतल्या कडेला निळ्या दोऱ्याचे बारीक टाके होते. लोक "सांगा, सांगा" म्हणत होते, पण तो त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

संध्याकाळी मी कुंपणापाशी गाजरं उपटत होतो. गाजरं अजून लहान होती, पण ऐकायचं तर काहीतरी उपटायला हवं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" म्हातारा विचारत होता.

"लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून. गव्हाच्या पेटीच्या तळाशी होता. उंदरांनी कड कुरतडली होती, मी शिवून ठेवला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? खरोखर चढायला गेला असतात तर पडून मेला असतात. मला नवरा जिवंत हवा होता."

मग म्हाताऱ्याने नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला, आणि मी लाजून घरात गेलो.

परवा माझ्या पुतण्याच्या लग्नात तो नेहमीप्रमाणे माझ्याच बाजूला बसला होता, डोक्यावर तोच कल्पाक. पाहुणे गोष्टीसाठी मागे लागले, तर हा बायकोकडे बघून लाजला आणि गप्पच बसला. शेवटी मीच सांगितली. कडा थोडा उंच केला.