कुंकवाच्या रंगाच्या रेघा

माझी नोकरी पक्की होणार की मला पुण्याला परतावं लागणार, हे एका साडीच्या दुकानावर येऊन ठेपलं होतं. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. बेंगळुरातल्या जे. पी. नगरच्या आमच्या छोट्या कंपनीने मला पहिल्यांदाच एकटीला, दुकानात संगणकावर बिलं काढायची सोय बसवायचं काम दिलं, तेही दुकानाचे मालक मराठी बोलतात एवढ्याच पुण्याईवर. तीन पिढ्या बेंगळुरात मुरलेलं घर. मालकांना सगळे अण्णा म्हणत. शुक्रवारी पूजा करून संगणकावर पहिलं बिल काढायचं ठरलं होतं, आणि मंगळवार उजाडला तरी स्कॅनर एकही साडी ओळखत नव्हता.

पहिल्या दिवशी मी अण्णांना मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. स्कॅनरमधून लेबलावरच्या बारकोडवर उजेड पडतो. काळी रेघ तो गिळते, पांढरी फट तो परत पाठवते. रेघ किती जाड, फट किती रुंद, यावरून मशीन आकडा ओळखतं. तारयंत्राच्या मोर्स लिपीतले ठिपके आणि रेषा वाळूत बोटांनी खाली ओढताना एका अमेरिकन माणसाला ही युक्ती सुचली, हे पुस्तकातलं ज्ञानही पाजळलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"काळंच पाहिजे काय, अक्का? आमच्याकडं लग्नाचा बस्ता बांधतात. शालूवर काळ्या रेघा बघून माणसं उठून जातील. कुंकवाच्या रंगात चालंल?"

मला जेवायला जायची घाई होती. "कुठलाही रंग चालेल, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी छापखान्यातून लाल रेघांची लेबलं करून आणली. त्यांच्या दोन्ही सुनांनी चार दिवस बसून ती साडीसाडीला चिकटवली.

आणि आता स्कॅनर ढिम्म. मी वायर बदलली, प्रोग्राम उलटापालटा करून पाहिला, लेबलं फडक्याने पुसली. वैतागून पर्समधला बिस्किटाचा पुडा समोर धरला, तर त्याने लगेच टीं केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साडी धरली की मुका, बिस्किट धरलं की बोलका.

"स्वल्प थांबा, अक्का. त्यालाही दम खाऊ द्या," म्हणत अण्णांनी कॉफी मागवली. त्यांच्या शांतपणाचाही मला राग येत होता.

बुधवारी दुपारी वीज गेली. संगणक मागच्या बिनखिडकीच्या खोलीत होता, बॅटरीवर तेवढा एकटा चालू. त्या अंधारात मी हट्टाने एका शालूवर स्कॅनर धरला. त्याच्या तोंडातून लाल उजेड पडला आणि त्या उजेडात लेबल कोरं दिसलं. एकही रेघ नाही. लाल उजेडाला लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच. दोन्ही तो तसाच परत पाठवत होते. चार दिवस मी वायरी उपसत होते आणि चूक माझ्याच तोंडातून निघाली होती.

तेवढ्यात गल्ल्याजवळचा फोन वाजला, तो मी बाहेर येऊन उचलला. आमचे साहेब होते. घोळ कुणाचा, एवढंच त्यांना हवं होतं. मग मी इंग्रजीत सांगून टाकलं, की गिऱ्हाईकाने आपल्याला न विचारता लेबलांचा रंग बदलला. अण्णा हातभर अंतरावर बसले होते. धोतर नेसणाऱ्या माणसाला इंग्रजी येत नसेल, असं मी खुशाल धरून चालले होते.

मी फोन ठेवला. "विचारलं होतं मी, अक्का," ते हळूच म्हणाले.

मला वर बघवेना. मग त्यांनी विचारलं, "हिरवं दिसंल काय त्याला?"

"दिसेल," मी म्हटलं. या वेळी बोलण्याआधी एका हिरव्या छापील पट्टीवर स्कॅनरचा उजेड पाडून पाहिला होता; ती काळी दिसली.

"सरी, ठीक आहे." अण्णांनी सुनांना हाक मारली. "सगळी लेबलं काढायला पाहिजेत गं. माझी चूक झाली."

सुना त्यांच्यावर चांगल्याच करवादल्या. हौस भारी आणि त्रास आम्हाला, असं धाकटी तोंडावर बोलली. अण्णांनी ऐकून घेतलं. मी सुनांबरोबर बसून लेबलं सोलत राहिले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. गुरुवारी छापखान्यातून हिरवी लेबलं आली, ती आम्ही तिघींनी रात्रभर जागून चिकटवली; शुक्रवारी पहिलं बिल निघालं आणि माझी नोकरी पक्की झाली.