झेल की टप्पा

आत्माराम गुरुजींची आणि माझी पहिली ओळख शहाद्याच्या मैदानावर झाली. थोरल्या भावाचा डबा घेऊन मी गेले होते. दादा डावखुरी फिरकी टाकायचा. कडेला टेबलाशी धावा लिहीत बसलेल्या गुरुजींनी मान वर न करता विचारले, “भागाकार येतो?” मी हो म्हटले. “मग बस. मोसम संपेपर्यंत सुटका नाही.”

शहादा, तळोदा, नंदुरबार आणि नवापूर या संघांचे सामने दिवाळीनंतर सुरू होत ते होळीपर्यंत चालत. मोसमाअखेर गुरुजी गोलंदाजांची क्रमवारी लावत. दिलेल्या धावांना बळींनी भागायचे. ज्याची सरासरी कमी, तो वर. पण आमची मैदाने ढेकळांची, झेल सुटायचे फार. म्हणून गुरुजींनी सर्व संघांच्या संमतीने एक नियम घातला होता. झेल सुटला, तर त्यानंतर त्या फलंदाजाने काढलेल्या धावा त्या गोलंदाजाच्या नावावर चढत नसत. “दुसऱ्याच्या हातून पडलेलं याच्या डोक्यावर कशाला?” असे ते म्हणत. एखाद्याच सामन्यात चमकून पुढे घरी बसणाऱ्याला मात्र क्रमवारीत जागा नसे. एका वर्षी त्यांचा सख्खा भाचा असाच बाहेर राहिला, तेव्हा त्यांच्या भगिनींनी बरेच दिवस अबोला धरला. गुरुजी भाऊबीजेला नेहमीप्रमाणे गेले, आणि न बोलता वाढलेले जेवून आले.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी पहिल्या येणाऱ्या गोलंदाजाला धुळ्याच्या निवड शिबिराला पाठवायचे ठरले. दादा आणि नंदुरबारचा सुगन यांच्यात चुरस होती. आमच्या वडिलांनी, आबांनी, दादाला बजावले होते, “पहिला उना तं धुळे जाय. नही तं केळीना मळा शे.”

शेवटचा सामना आमचा नवापूरशी होता. सुगनचे सामने संपले होते. तो आपल्या मंडळींसह पाहायला आला होता. दादाच्या चेंडूवर नवापूरच्या कप्तानाने उंच फटका मारला. आमचा क्षेत्ररक्षक धावत गेला, वाकला आणि चेंडू त्याच्या हातातून निसटला. प्रेक्षक उभे राहिल्याने टेबलावरून गुरुजींना काही दिसले नाही. दादाच्या डोळ्यांवर ऊन होते. कप्तान मात्र पुढे बराच वेळ खेळत राहिला. तो सुटलेला झेल ठरला, तर कप्तानाच्या पुढच्या धावा वगळून दादा पहिला. चेंडू आधी जमिनीवर टेकला असेल, तर सुगन.

खेळ थांबवायचा नाही, वाद डावानंतर, ही गुरुजींची रीत. डाव संपताच टेबलाभोवती कोंडाळे झाले. क्षेत्ररक्षक सांगत होता, “हातमाच व्हता, गुरुजी.” नंदुरबारकर हसले. “तुन्हा हातमा काय राहस कधी?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. धावफलकाचे पत्रे बदलायला मी त्याच बाजूला गेले होते. “तू पाहिलंस?”

“ती तं त्यानी सख्खी बहीण शे!” मागून कोणीतरी म्हणाले. “ती काय खरं सांगी?”

गुरुजींनी टाक दौतीत बुडवला. “ती सांगेल ते मी लिहिणार आहे,” ते म्हणाले, “ज्यांना हरकत आहे त्यांनी आत्ताच सांगावं. ऐकल्यावर नाही.”

कोणी हरकत घेतली नाही. सुगनने मान हलवून होकार दिला. दादा पायातले बूट सोडत खाली पाहत होता. गुरुजींनी घाई केली नाही. टाकावरची शाई वाळली, त्यांनी तो पुन्हा बुडवला.

“टप्पा पडला होता,” मी म्हणाले.

गुरुजींनी तसे लिहिले. सुगन पहिला आला. परतताना गाव आल्यावर दादा म्हणाला, “माले बी तसंच वाटनं व्हतं. पन वाटणं येगळं, देखणं येगळं.”

दुसऱ्या सकाळी गुरुजी आमच्या ओट्यावर हजर. मला कॉलेजात पाठवा, असे त्यांनी आबांना सांगितले. आबा रागातच होते. “पोऱ्याना नंबर गया, आते पोरले बी लई जातस का, गुरुजी?”

“हो,” गुरुजी म्हणाले, “त्याचसाठी आलोय.”

मळ्यात निघालेला दादा दारात थांबला. “जाऊ द्या तिले, आबा. तिनी खरं सांगं म्हनीसन मी दुसरा. ते कोठे तरी कामले येऊ द्या.”

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. दादा धुळ्याला कधीच गेला नाही. गुरुजींच्या साठीच्या समारंभाचा मांडव मात्र तोच घालतो आहे, आणि खांबासाठी खड्डे कुठे घ्यायचे यावरून कालच त्याचा सुगनशी वाद झाला.

गुरुजींना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो आणि नजर अशीच स्वच्छ राहो. जिथे ती पोहोचणार नाही, तिथे त्यांनी त्या दिवशीसारखेच आम्हाला विचारावे. आम्ही पाहिले तेच सांगू.