दाब… धर… सोड

मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी आधी विचारतो, तेव्हा लाइट होती का? त्यामुळे हे वाचून माझे विद्यार्थी हसतील. हसू द्या.

आमचं घर नांदेडला, तरोड्यात. अंगणातल्या पत्र्याखाली दादांची – म्हणजे वडिलांची – जुनी फियाट कितीतरी वर्षं उभी होती. दादा किनवटकडे आश्रमशाळेवर मास्तर. जंगलातल्या रस्त्याने याच गाडीतून यायचे-जायचे, म्हणून ब्रेक कधी दुसऱ्याच्या हाती दिले नाहीत. ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला दोन माणसं लागतातच. ते गाडीखाली झोपायचे, मी सीटच्या टोकाला बसून पेडलवर पाय ठेवायचो. 'दाब… धर… सोड.' बापलेकाचं बोलणं म्हणाल तर एवढंच.

मग दादांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, ओळख गेली. लातूरच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, सेवा करा, आशा धरू नका. मला ते पटेना. वाटलं, गाडी त्यांच्या खिडकीखाली चालू केली तर तो आवाज तरी ओळखतील… बुडत्याला काडीचा आधार. सडलेला फ्लोअर कापला, वेल्डिंग करताना हात भाजून घेतले, इंजिन बांधलं. राहिले ब्रेक.

त्या दुपारी बायको पेडलवर होती. बाकीची चाकं झाली, मागच्या एकाचा निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, गंजून बसला होता. तो मोकळा करण्यात माझा बराच वेळ गेला. शेजारची पिठाची गिरणी धडधडत होती. शेवटी निपल फिरला. मी ओरडलो, 'दाब.' नळीतून बुडबुडे उसळले. 'सोड.' पुन्हा 'दाब'… असं करत नुसतं स्वच्छ तेल यायला लागलं.

बाहेर आलो तर सीट रिकामी. बायको फाटकातून पोरीचं दप्तर घेऊन येत होती. शाळेची रिक्षा आली म्हणून मघाशी निपल अडला तेव्हाच मी सांगून गेले होते, म्हणाली. मी पेडल हाताने दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट, म्हणजे हवा पूर्ण निघालेली.

तेवढ्यात आई दारात आली.

"ह्यांचा पाय हलायलाय. उजवा… तू दाब म्हणलास की दाबायले, सोड म्हणलास की सोडायले."

मी धावलो. पाय होता तसाच पडलेला. तळवा गार. कानाशी म्हटलं, "दादा, दाबा." काहीच नाही.

डॉक्टर म्हणाले, आईंना भास झाला असेल. मान्य. पण पेडल कुणी दाबलं? पेडल न दाबता उघड्या निपलातून तेल थेंबथेंब गळतं, हे मीच वर्गात शिकवतो. ते असं उसळत नाही.

गाडी खिडकीखाली चालू केली, तेव्हा दादा छताकडेच बघत राहिले.

ती रस्त्यावर कधी आली नाही, येणारही नाही. ब्रेक उत्तम झाले होते, मीच ते बिघडवतो. कॉलेजातून आलो की खाली शिरून निपल सैल करतो, पाइपात हवा शिरू देतो. पेडलवर आता कुणाला बसवत नाही. आई दादांच्या पायाशी जाऊन बसते. मी हाक देतो – 'दाब.' आणि वाट बघतो.

जरा वेळाने आतून आई सांगते, "न्हाई रे."

मी निपल बंद करतो.