उलटा जोर

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझा पारा लवकर चढतो. त्या दिवशी तो सास्तूरकडच्या एका आराधिणीवर चढला होता. चाळिशीतली बाई, तीन बाळंतपणं झालेली, गळ्यात कवड्यांची माळ. मेळ्यात तुळजाभवानीची गाणी ती म्हणायची आणि बाकीच्या मागून सूर ओढायच्या. पण आवाज चढवला की लघवी सुटायला लागली. देवीपुढं लुगडं ओलं होतं, या लाजेनं तिनं गाणंच सोडलं. आता मागं बसून नुसती झांज वाजवायची.

दोन महिने मी तिला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम देत होते. फरक शून्य.

"घरी करतच नसाल तुम्ही," मी फाडकन बोलले.

"आईची आन मॅडम, रोज करतेय. घाम फुटस्तोवर."

माझा विश्वास बसेना. तिला सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. ओटीपोटावर यंत्र टेकवलं की भरलेली लघवीची पिशवी पडद्यावर काळी दिसते. स्नायू नीट आवळले की तिचा तळ वर उचलला जातो.

"हं, आवळा."

तिनं दम कोंडला, गाल फुगवले, आणि तळ सरळ खाली गेला!

"अहो, हा तर बाळंतपणातला जोर!" मी म्हणाले.

"मग? सुईणीनं ताकद लाव म्हणलं की असंच करायचं. तुमीबी ताकद लावा म्हणला."

खरंच, मी तसंच म्हणाले होते. बिचारी दोन महिने इमानेइतबारे उलटं करत होती आणि मी तिलाच झापत होते. लाज वाटली, पण चूक अशी डोळ्यांसमोर सापडल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

"दम कोंडू नका. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवळतो ना, तसं वर घ्या."

तीनदा केलं, तीनदा दम कोंडला. डोक्यावर भारा घेताना लागलेली जन्माची सवय ती.

"तोंडानं काहीतरी म्हणत करा बरं."

"काय म्हणू?"

"येईल ते म्हणा."

तिनं डोळे मिटले आणि पुटपुटली, "आई राजा उदो उदो."

तळ वर!

"उचललं!" मी ओरडलेच. "परत!" परत वर. डॉक्टरबाईंनी पडदा तिच्याकडं वळवला. आपलीच पिशवी वर सरकताना ती बघत राहिली, पुन्हा पुन्हा करून बघत राहिली.

मग ती टेबलावर उठून बसली. मी काही सांगायच्या आत तिनं तसंच वर आवळून खणखणीत ललकारी दिली, "आई राजाऽऽ!"

"उदो उदो!" दाराबाहेरच्या बाकांवरून बायकांचा ओ आला.

तिनं घाईनं मागं लुगडं चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "मॅडम, थांबा. आजून एकदा म्हणू द्या."