आधी वायर बघा

"काका, आधी वायर बघा!"

आमच्या मॅडमचं हे ब्रीदवाक्य. सगळं तरुणपण फौजेत वायरलेसवर घालवून, चाळिशी उलटल्यावर मी हडपसरच्या एका कंपनीत शिकाऊ नेटवर्क इंजिनिअर झालो. मॅडम माझ्या टीम लीड. कोथरूडच्या, माझ्या मुलीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या. माझ्या टेबलावर पेन आपटायचं आणि हे वाक्य ऐकवायचं, ही त्यांची रोजची हजेरी.

पहिल्याच आठवड्यात एक लाइन बंद पडली. मी छाती काढून स्क्रीनवर कमांडवर कमांड मारतोय, अर्धा दिवस गेला तरी लाइन ढिम्म. मॅडम टेबलाखाली वाकल्या आणि निसटलेली वायर खटकन बसवली. निसटली कशी म्हणाल, तर मॅडम आल्या की मी सावधानमध्ये ताडकन उभा राहायचो, त्यात माझाच बूट अडकला होता.

"काका, उभं राहत जाऊ नका हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही उभे राहिलात की नेटवर्क बसतं."

खरी पंचाईत फोनवर व्हायची. वायरलेसवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. आपलं झालं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे आता तुम्ही बोला. ऐकलं, समजलं की 'रॉजर', आणि बोलणं साफ संपलं की 'आउट'. ही सवय जिभेला अशी चिकटलेली की बायकोलासुद्धा "भाजी कुठली आणू, ओव्हर" असं विचारायचो. बिबवेवाडीच्या एका दुकानदाराला मी विचारलं, "दिवा हिरवा लागलाय की लाल? ओव्हर."

"ओव्हर? म्हणजे आमचं नेट संपलं?" तो ओरडला आणि फोन आपटून त्याने थेट तक्रारच केली. तशा आणखीही तक्रारी आल्या.

कंपनीच्या साहेबांनी मला आणि मॅडमना बोलावलं. माझं प्रोबेशन संपत आलेलं. इथून हाकललं असतं, तर कुठल्याशा बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहणं ठरलेलंच. त्यात कमीपणा नाही, पण मला हे काम आवडायला लागलं होतं हो! या वयात आवडायला लागलं होतं. तिथेही मी सावधानमध्येच उभा.

"यांचं काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"सर, ओव्हर म्हणजे 'आता तुम्ही बोला'," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "कस्टमरला बोलू देणारा आपल्याकडे हा एकच माणूस आहे."

साहेबांनी माझ्या कागदावर सही केली. नोकरी पक्की झाली. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, तरी ते ओव्हर आवरा आता."

आवरलं बऱ्यापैकी. मॅडम मात्र मागच्या वर्षी जर्मनीला गेल्या, तिकडची नोकरी घेऊन. निघताना विमानतळावरून त्यांचा फोन आला.

"काका, टीमकडे बघा. तब्येतीला जपा. ओव्हर."

आता बोलायची पाळी माझी होती. बर्फाच्या वादळातही ज्याचा आवाज कधी कापला नाही, त्या माझ्या तोंडून शब्द फुटेना. मॅडम थांबल्या होत्या.

"काका, आवाज येत नाहीये. आधी वायर बघा!"

"रॉजर, मॅडम," एवढंच कसंबसं म्हणालो.

नियमाप्रमाणे पुढे 'आउट' म्हणायचं असतं. ते मी अजून म्हटलेलं नाही.